मशीनवालीचं रक्त

“वन्सं, तुमचं रक्त माझ्या नवऱ्याला नको!”

भावजय कारखान्याच्या दारात उभी होती. हातात फोन तसाच, केस विंचरायचे राहिलेले, डोळे रडून रडून सुजलेले... शिलाई मशीनवरचा ताईचा पाय जागच्या जागी थबकला, आणि बॅगेच्या तोंडाशी अर्धी शिवलेली चेन सुईखाली तशीच अडकून राहिली. अरे, मिनिटापूर्वी तर हीच बाई धावत आली होती! “जुळलं! वन्सं, तुमचं जुळलं!” असं ओरडत तिने ताईचे खांदे धरले होते. बाबांचं रक्त जुळलं नव्हतं, चुलतभावांचंही जुळलं नव्हतं. जुळलं ते एकट्या ताईचं. धाकट्याच्या हाडांतल्या मज्जेत कर्करोग शिरला होता. ती नासलेली मज्जा औषधांनी जाळून टाकायची आणि त्या जागी बहिणीच्या रक्तातल्या मूळपेशी पेरायच्या, एवढी एकच वाट इस्पितळाने दाखवली होती. त्या वाटेचं दार उघडलं म्हणून आनंदाने आलेली ही, दोन पावलं मागे काय सरकते, आणि चेहरा असा काय बदलतो... ताईला काही उमजेना.

“असं काय बोलतेस गं?” ती कशीबशी म्हणाली.

“मग कसं बोलू?” भावजयीचा आवाज चिरकला. “परवा डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंत ना? ही सोल्यूशनची वाफ, थिनर, नशेच्या गोळ्या... पेशींच्या पोटात शिरून गुणसूत्रं तोडतात म्हणाल्या! ह्यांनी कधी साधी विडी ओठाला लावली नाही, आणि ह्यांना हा रोग! आणि तुम्ही... तुम्ही ह्याच खोलीत बसून सगळं करून मोकळ्या झालात, तुम्ही ठणठणीत! तेच नासलेलं रक्त आता ह्यांच्या अंगात घालायचं? काय करू मी? घालू म्हणू, की नको म्हणू?... मला काही कळत नाही हो!”

ती दाराची चौकट धरून मटकन खाली बसली.

पलीकडच्या टेबलावर बाबा रेक्झिन कापत होते. त्यांनी मान वर केली नाही. पट्टी सरळ करून, सुरी पुन्हा टेकवून ते सुनेला एवढंच म्हणाले, “त्या मशीनवालीला सांग, चेन वाकडी गेलीय.”

बारा वर्षं हे असंच चाललं होतं. बाप आणि लेक सहा हातांच्या अंतरावर दिवसभर काम करत, आणि बापाचा प्रत्येक शब्द कुणाच्या तरी मार्फत लेकीकडे येई. घरात दुसरं कुणी नसलं, तर बाबा भिंतीला सांगत.

त्या दिवसाची आठवण ताईने मनाच्या तळाशी दडपून ठेवली होती, पण आज ती वर आल्याशिवाय राहिली नाही. धाकटा तेव्हा अठराचा. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ताईच त्याची आई होती. रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे तो प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड खुपसून बसलेला तिला प्रथम दिसला, तेव्हा तो रडतो आहे असंच त्या भोळीला वाटलं होतं! पिशवीत चिकटवण्याचं सोल्यूशन होतं. पुढे गांजा आला, मग गोळ्या आल्या. एका दुपारी तिने त्याच्या मुठीतून गोळ्यांची पाकिटं आणि सोल्यूशनने भिजलेलं फडकं हिसकावून घेतलं आणि फेकायला वेळ मिळेपर्यंत मशीनच्या खणात कोंबलं. नेमके तेव्हाच बाबा सुया शोधायला आले.

शेजारच्या मुलाचं असंच प्रकरण त्याच महिन्यात उघडं पडलं होतं, आणि बाबा जेवताना म्हणाले होते, “माझा मुलगा असा निघता, तर मी त्याला उंबऱ्याबाहेर काढला असता. मेल्यावरसुद्धा तोंड पाहिलं नसतं.” बाबा बोलल्याप्रमाणे करणारे होते. खणाशी उभ्या असलेल्या बाबांच्या हातात ती पाकिटं, दारात पांढराफटक पडलेला धाकटा... आणि ताईच्या तोंडून शब्द गेले, “माझी आहेत ती.”

बस्स! एवढंच. तिचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा, हळू आवाजात बोलणारा तो मनुष्य एकदाच येऊन गेला. “खरं आहे का?” त्याने विचारलं. ती म्हणाली, “हो.” तो बराच वेळ चपलांकडे बघत उभा राहिला, आणि गेला.

“ताई, मी सांगतो बाबांना,” धाकटा त्या आठवड्यात तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला होता. तीच म्हणाली होती, “आधी बरा हो. मग सांग.” तो बरा झालाही! अंगाला कंप सुटायचा, घामाने अंथरूण भिजायचं, तो भिंतीवर डोकं आपटायचा आणि ती मधे आपला तळहात धरायची. वर्षभराने तो माणसांत आला. मग नोकरी लागली की सांगतो, असं झालं. शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. मग लग्न होऊ दे, मग मूल होऊ दे... सांगायचं राहिलं ते राहतच गेलं. आणि तिनेही कधी विचारलं नाही. का विचारलं नाही? माया म्हणून? भीती म्हणून? की बोल लावून घ्यायची सवयच जडली होती?... तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

त्या दुपारी ती इस्पितळात गेली. धाकट्याला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. तोंडाला पट्टी बांधून, हात तीनदा धुऊन आत जावं लागे. डोक्यावरचे केस गेलेले, भुवया गेलेल्या, असा तो उशीवर पडला होता. तिला पाहून त्याचे डोळे भरून आले.

“तुझं जुळलं ना?”

“हो रे राजा.”

“उद्या तुला प्रश्न विचारतील. नशा केली होती का, सुया टोचल्या होत्या का... सगळं लिहून घेतात.” त्याचा श्वास लागत होता. “तू नाही म्हणालीस, तर माझी बायको विचारेल, मग त्या गोळ्या कुणाच्या? आणि हो म्हणालीस, आणि त्यांनी तुझं रक्त नाकारलं, तर... ताई, मला जगायचंय गं! पण तिला कळलं तर ती चिऊला घेऊन निघून जाईल... काय करू मी? तू सांग ना!”

चिऊ, त्याची चार वर्षांची लेक. ताईने त्याच्या कपाळावर हातमोज्यातला हात ठेवला. जगायचंही आहे आणि झाकायचंही आहे! तिला त्याचा संताप आला, आणि संताप आला म्हणून स्वतःची लाजही वाटली. “झोप,” ती म्हणाली. “मी बघते.”

पण काय बघणार होती ती? खरं बोलावं तर भावाचा संसार मोडतो, खोटं बोलावं तर भाऊच हातातून जातो! बाहेर येताना तिने एका परिचारिकेला भीतभीत विचारलं, “कुणी फार वर्षांपूर्वी नशा केली असेल, तर त्याचं घेतच नाहीत का?” परिचारिका म्हणाली, “तसं काही नाही. सुया टोचल्या होत्या का, कुठला संसर्ग आहे का, ते तपासतात. पण खरं सांगायला हवं, मावशी.” ताईने त्यातून तिला हवं तेवढंच उचललं. नशा मीच केली म्हणायचं, पण सुई नाही म्हणायचं... म्हणजे दोन्ही तोलून धरता येईल!

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी इतरांना बाहेर बसायला सांगितलं. बाबा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. भावजय मात्र हलेना.

“बसू द्या तिला,” ताई म्हणाली. “तिच्या नवऱ्याचा प्रश्न आहे.”

डॉक्टरीणबाई चष्मा सारखा करत एकेक प्रश्न विचारू लागल्या. कावीळ झाली होती का? नाही. रक्त कधी चढवलं होतं? नाही. नशा?

“हो,” ताई म्हणाली.

“कसली?”

“सोल्यूशन... आणि गोळ्या. सुई कधीच नाही.”

“किती वर्षं?”

“दोन... नाही, दीड असेल.”

“दिवसातून किती वेळा? सोडताना काय काय त्रास झाला? नीट आठवून सांगा, बाई, ह्याचा मला उपयोग आहे.”

ताईने डोळे मिटले, आणि तिच्यापुढे ती जुनी खोली उभी राहिली. “आधी दुपारी एकदाच. मग केव्हाही. कारखान्यातला डबा दोन दिवसांत अर्धा व्हायचा. तोंडाभोवती लाल फोड यायचे. जेवण जायचं नाही. सोडलं तेव्हा पहिले दहा दिवस तर फार वाईट होते... हातपाय ताठ व्हायचे त्याचे, मी पाठ चोळत बसायचे, तेव्हा कुठे त्याला...”

ती थांबली.

तिने डोळे उघडले.

“त्याचे?” डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. “कुणाचे, बाई?”

ताईने भावजयीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेनेच सारं सांगून टाकलं. भावजय उठली, खुर्ची मागे कलंडली ती तिने उचललीही नाही. ती दार ढकलून काचेच्या खोलीकडे धावत सुटली.

ताई पोचली तेव्हा भावजय काचेला दोन्ही तळहात लावून उभी होती. काचेच्या बाहेर एक फोन होता, आत एक. आत जायचं नसेल तेव्हा रोग्याशी त्यावरून बोलत. भावजयीने काय विचारलं ते ताईला ऐकू आलं नाही. आत धाकटा उशीवरून अर्धवट उठून बसलेला दिसला. त्याने बायकोकडे पाहिलं, तिच्यामागे गोंधळून उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं, आणि सगळ्यांत शेवटी ताईकडे. तिने मान हलवून त्याला खुणावलं, नको! नको बोलूस!... पण त्याने बाबांना जवळ बोलावलं आणि फोन घ्यायला सांगितलं.

आता तो बोलत होता. ताईला त्याचे हलणारे ओठ दिसत होते आणि बाबांची पाठ दिसत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. मधेच तो खोकला, थांबला, पुन्हा बोलू लागला. बाबांची पाठ आधी ताठ होती. मग एक खांदा खाली आला, मग दुसरा. फोन जागेवर ठेवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

ते वळले. सवयीने सुनेकडे बघून म्हणाले, “तिला विचार...” आणि अडखळले. मग त्यांची नजर हळूहळू ताईकडे आली. किती वर्षांनी! तिला वाटलं, बाबांचे डोळे किती म्हातारे झालेत, हे आपण इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं.

“पोरी... खरं आहे हे?”

तिने मान हलवली.

“मग बारा वर्षं...” त्यांचा आवाज फुटला, “मग बारा वर्षं मी कुणाशी बोललो नाही?”

ते बाकावर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. ताई त्यांच्या पायाशी बसली, पण त्यांना हात लावावा की नाही हेच तिला समजेना; शेवटी बाबांनीच तिचा सुयांनी खरखरीत झालेला हात उचलून आपल्या डोळ्यांवर दाबून धरला. “मी काढला असता गं त्याला घराबाहेर,” ते पुटपुटले. “खरंच काढला असता. तू बरोबर केलंस... की चूक केलीस?... मला कळत नाही.”

“चूक केलीत!”

भावजय समोर उभी होती. ती रडत नव्हती आता. “वन्सं, तुमच्यापुढे माझी मान खाली गेलीय. काल मी जे बोलले त्याने जीभ झडायला हवी माझी! माझ्या लेकीला मी तुमच्या मशीनजवळ फिरकू दिलं नाही... पण मला कुणी विचारलं का? सहा वर्षं मी संसार केला तो कुणाशी? आणि परवा डॉक्टरीणबाई इतकं खोदून विचारत होत्या, तेव्हाही ह्यांनी माझ्यादेखत मान हलवून नाही म्हणून सांगितलं! तुम्ही दोघांनी मिळून मला आंधळं ठेवलंत.”

ह्या शब्दांनी ताईचं काळीज चिरलं. तिने स्वतःला जाळून घेतलं होतं, हे तिला ठाऊक होतं. त्या धगीत आणखीही कुणी होरपळतंय, हे मात्र तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं! “माझं चुकलं,” ती म्हणाली. “तुझ्याबाबतीत चुकलं गं.”

संध्याकाळी डॉक्टरीणबाई काचेच्या खोलीत आल्या तेव्हा धाकट्याने त्यांना एकच प्रश्न विचारला. “हा रोग मीच ओढवून घेतला का?”

त्यांनी त्याची कागदपत्रं पुढे ओढली. “काही सोल्यूशनच्या वाफेत असं द्रव्य असतं, की ते मज्जेतल्या पेशींची गुणसूत्रं तोडतं. हे पक्कं ठाऊक आहे. गांजा, गोळ्या ह्यांच्याबद्दल अभ्यास चालू आहेत. कुणाला पेशींत तुटफूट दिसली, कुणाला नाही दिसली. तुमच्या गुणसूत्रांत मला तुकडे इकडचे तिकडे जोडलेले दिसतात. शिवण कुठे उसवलीय ते दिसतं. कुणी उसवली, ते दिसत नाही. नशेने असेल. त्या बंद कारखान्यात लहानपणापासून राहिलात, त्याने असेल. कशानेच नसेल, असंही होतं.”

“पण मी चाळीस वर्षं तोच वास घेतोय!” बाबा दाराशीच उभे होते, तोंडाला पट्टी बांधून. “डबे उघडे ठेवायचो मी. खिडक्या लावून घ्यायचो, धूळ नको म्हणून. मग मला का नाही झालं? पोराला का?”

“ह्याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आजोबा.”

“आणि चिऊ?” भावजयीने विचारलं. “तिच्यात उतरलं असेल?”

“मज्जेत झालेली ही तुटफूट लेकरात उतरत नाही. तिची तब्येत चांगली आहे. उगाच घाबरू नका, पण तिला त्या डब्यांजवळ खेळू देऊ नका.”

प्रत्येकाला आपलं पाप नक्की हवं होतं, मोजून मापून; आणि विज्ञान ते कुणाच्याच पदरात घालत नव्हतं! धाकटा म्हणाला, “म्हणजे मी स्वतःला दोष द्यायचा की नाही, हेही मला समजणार नाही?” भावजय पुढे झाली आणि त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट करू लागली. ती त्याच्याशी बोलली नाही, पण निघूनही गेली नाही.

ताईच्या तपासण्या निर्दोष निघाल्या. पाच दिवस तिला इंजेक्शनं दिली. हाडं अशी ठणकली, की तिला उठून बसवेना. भावजयीने त्या पाचही दिवशी तिच्या कमरेला शेक दिला. बोलली ती कमीच. मग एका सकाळी दोन्ही हातांत सुया घालून ताईला चार तास निजवून ठेवलं. एका हातातून रक्त जाई, यंत्रातून फिरे, दुसऱ्या हाताने परत येई, आणि वर टांगलेल्या पिशवीत तिच्या पेशी थेंबाथेंबाने साठत राहत. पिशवी भरली तेव्हा ती केवढीशी दिसली! बाबा शेजारच्या स्टुलावर बसून होते. बारा वर्षांचं बोलायचं होतं, आणि काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. “दुखतं का?” ते दर दहा मिनिटांनी विचारत. “नाही, बाबा,” ती दर वेळी सांगे, आणि दर वेळी तिच्या डोळ्यांना धार लागे.

त्याच दिवशी त्या पेशी धाकट्याच्या अंगात सोडल्या. पुढचे दिवस आशेचे होते की निराशेचे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ताप चढे, उतरे. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, एक आठवडा तर तो कुणाला ओळखेनासा झाला. मग एके दिवशी रक्तात नव्या पेशी दिसल्या, चार दिवसांनी दुप्पट दिसल्या. महिन्याने तो घरी आला. बाबांनी तोवर कारखान्याच्या मागच्या भिंतीला दोन मोठ्या खिडक्या पाडून घेतल्या होत्या आणि सोल्यूशनचं काम बाहेरच्या पडवीत नेलं होतं. भावजय नवऱ्याशी बोलू लागली होती, पण मधेच एखाद्या वाक्यावर थांबून त्याच्याकडे परक्यासारखी बघत राही. तो ती नजर मुकाट्याने झेली.

शंभर दिवसांनंतरच्या तपासणीला सगळेच गेले, चिऊसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी एक फोटो पुढे ठेवला. त्यात गुणसूत्रांच्या बारीक काळ्या काड्या जोडीजोडीने मांडल्या होत्या.

“एकही तुटलेली नाही,” त्या म्हणाल्या. “आणि गंमत बघा. पुरुषाच्या रक्तात जे एक वेगळं गुणसूत्र असतं, ते ह्यात कुठेच नाही. हे संपूर्ण स्त्रीचं रक्त आहे. ह्यांच्या बहिणीचं.”

“म्हणजे?” बाबा चक्रावले.

“म्हणजे माझे बाबा आता आत्या झाले?” चिऊने विचारलं.

आधी डॉक्टरीणबाई हसल्या, मग भावजय तोंडाला पदर लावून हसली, मग हसता हसता रडू लागली आणि तिने ताईच्या खांद्यावर डोकं टेकलं. “वन्सं...” एवढंच ती म्हणाली. ताईने तिचे केस सारखे केले.

बाहेरच्या लांबलचक ओसरीत इतर जण पुढे गेले. धाकटा सावकाश चालत होता, ताईच्या दंडाला धरून.

“ताई, एक विचारू? मला माफ केलंस का?”

हो म्हणणं किती सोपं होतं! आयुष्यभर तिने हेच केलं होतं. ती थांबली, आणि पहिल्यांदाच तिने उत्तर आतून शोधून पाहिलं. तिथे हा रोगट, आईविना पोरका, तिनेच वाढवलेला भाऊ होता. तिथे चपलांकडे बघत उभा राहिलेला तो हळू बोलणारा मनुष्यही होता, आणि तो अजून गेला नव्हता.

“मला माहीत नाही रे,” ती म्हणाली. “एखाद्या दिवशी वाटतं, केलं. एखाद्या दिवशी उठते तीच तुझ्यावर रागावून उठते. खोटं कशाला सांगू?”

त्याने मान डोलावली. डोळे पुसले. “मग मी रोज विचारीन.”

“विचार,” ताई म्हणाली, आणि त्याचा हात तिने आपल्या दंडावर घट्ट दाबून धरला. “पण रोज विचारायचं, तर रोज जगावं लागेल हं तुला!”